उन्हाच्या वाटेवरील चालते घर

कॅनडाच्या पश्चिम भागात आल्बर्टा नावाचा प्रांत आहे. त्यातील कॅलगरी हे शहर ५१ उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १०५० मीटर उंचीवर वसले आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथे दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. पारा शून्याखाली १५ अंशांवर उतरला तरी त्याची कोणी विशेष दखल घेत नाही. तो शून्याखाली ३० अंशांपर्यंत गेला म्हणजे मात्र शेजारीपाजारी एकमेकांची विचारपूस करू लागतात. अशा गावी पासष्टी ओलांडलेल्या आणि एकदा बर्फावरून घसरून मनगट मोडून घेतलेल्या मनुष्यास, जानेवारी-फेब्रुवारी हे दोन महिने कोठे काढावेत, हा प्रश्न केवळ चैनीचा वाटत नाही.

या प्रश्नास उत्तर अमेरिकेतील लोकांनी जे उत्तर शोधून काढले, ते मूळचे पक्ष्यांचे होय. थंडी पडू लागली की दक्षिणेकडे जावयाचे आणि वसंत आला की परतावयाचे. इंग्रजीत या मंडळींना ‘स्नोबर्ड’, म्हणजे हिमपक्षी, असे नावच पडून गेले आहे. पूर्व कॅनडातील हिमपक्षी बहुधा फ्लोरिडाकडे जातात. पश्चिमेकडील ॲरिझोनाकडे वळतात. कित्येकजण विमानाने जाऊन घर भाड्याने घेतात. परंतु दरवर्षी परक्याच्या गादीवर निजणे ज्यांना नको असते, ते आपले घरच चाकांवर चढवितात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे मराठीत थट्टेने म्हटले जाते. येथे ते अक्षरशः खरे आहे.

मोटारहोम, अथवा मोटारघर, म्हणजे मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली दीड-दोन खोल्यांची जागा. तीत पलंग असतो, जेवणाचे मेज असते, गॅसची शेगडी, रेफ्रिजरेटर, मोरी व शौचकूप असतात. जमिनीखाली तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची व तिसरी मैल्याची. जळणाकरिता प्रोपेन वायू आणि दिव्यांकरिता विजेच्या बॅटऱ्या. उन्हाळ्यात हे सारे सुरळीत चालते. परंतु हिवाळ्यात हेच घर शून्याखालच्या प्रदेशातून शून्यावरच्या प्रदेशात हाकीत न्यावयाचे असते, आणि त्याची नळयोजना काही हिवाळ्यासाठी बांधलेली नसते. प्रवासाच्या आखणीतील निम्मी अडचण या एका गोष्टीत आहे. उरलेल्या निम्म्यापैकी बरीचशी कागदपत्रांत आहे, हे पुढे दिसेल.

कॅलगरीहून निघालेल्या मंडळींचे एक आवडते ठिकाण म्हणजे ॲरिझोनाच्या पश्चिम सीमेजवळील क्वार्ट्झसाइट हे गाव. २०२० च्या शिरगणतीत त्याची वस्ती अडीच हजारांहून कमीच भरली. परंतु जानेवारीत तेथे पाहावे तो वाळवंटात दृष्टी पोचेल तेथवर मोटारघरे उभी. याचे कारण असे की, गावाच्या दक्षिणेकडील ओसाड जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे, आणि सरकारच्या भूमिव्यवस्थापन खात्याने १९८३ सालापासून अशा काही जागा दीर्घ मुक्कामासाठी राखून ठेवल्या आहेत. क्वार्ट्झसाइटजवळच्या जागेस ला पोसा म्हणतात. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा तिचा हंगाम. एकदा परवाना काढला म्हणजे हंगामभर राहता येते. पंधरवड्याचा छोटा परवानाही मिळतो. वीज नाही, जागोजाग नळ नाहीत; पाणी भरून घेण्याची, टाक्या रिकाम्या करण्याची आणि केरकचरा टाकण्याची सोय मात्र आहे. जानेवारीत दुपारी हवा वीस अंशांच्या आसपास असते आणि ऊन तर अमाप. तेथून दक्षिणेस असलेले युमा हे शहर अमेरिकेतील सर्वांत अधिक ऊन पडणाऱ्या शहरांपैकी एक म्हणून प्रसिद्ध आहे.

कॅलगरी ते क्वार्ट्झसाइट हे अंतर सुमारे २४०० किलोमीटर भरते. लहान मोटारीने दोन तरुण आळीपाळीने चालवीत निघाले तर ते अडीच दिवसांत जातील. मोटारघराने, आणि त्यातून उतारवयात, असे करणे शहाणपणाचे नव्हे. अनुभवी मंडळींत तीनाचा एक नियम रूढ आहे: दिवसाकाठी ३०० मैलांहून अधिक जाऊ नये, दुपारी ३ च्या पुढे रस्त्यावर राहू नये, आणि जमल्यास एके ठिकाणी ३ दिवस थांबावे. हिवाळ्यात यातील दुसरे कलम सर्वांत महत्त्वाचे. माँटाना राज्यात जानेवारीच्या आरंभी पाचच्या सुमारास अंधार पडतो. ऊन उतरताच दुपारी वितळलेले पाणी पुन्हा गोठते, आणि डांबराच्या रंगाचाच असा तो पातळ बर्फ मोटारीच्या दिव्यांत दिसत नाही. रोज ४०० किलोमीटरच धरले तर प्रवास सहा दिवसांचा होतो. परंतु सहा दिवसांची आखणी ही आखणीच नव्हे. सहा दिवस चालण्याचे आणि निदान चार दिवस नुसते थांबण्याचे, असे दहा दिवस हाती ठेवूनच निघावे लागते. ज्याने ॲरिझोनातील एखाद्या तारखेस कोणाला भेटण्याचे वचन दिले आहे, तो वादळात गाडी घालतो. ज्याने दिले नाही, तो एखाद्या गावी पत्ते खेळत बसतो. या वाटेवरील सुरक्षितता पुष्कळशी एवढ्यावरच अवलंबून असते.

निघावे केव्हा, हा प्रश्न मात्र केवळ हवामानाचा नाही. हवामानाला विचारले तर ते ऑक्टोबरची अखेर अथवा नोव्हेंबरचा आरंभ, म्हणजे आपल्याकडील दिवाळीचा सुमार, असे सांगेल. त्या वेळी रस्ते बहुधा कोरडे असतात आणि दिवसही फार आखूड झालेला नसतो. परंतु नाताळात नातवंडे घरी यावयाची असतात. ज्या आजीने वर्षभर त्या आठ दिवसांची वाट पाहिली, तिला नोव्हेंबरमध्ये निघण्यास सांगणे सोपे नाही. मग पुष्कळ कुटुंबे नाताळ आटोपून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघतात, आणि तोच आठवडा या वाटेवर वर्षातील सर्वांत वाईट आठवड्यांपैकी एक असतो. काहींनी यावर तोड काढली आहे: नोव्हेंबरमध्ये मोटारघर दक्षिणेस नेऊन ठेवावयाचे, नाताळाला विमानाने घरी यावयाचे व पुन्हा विमानानेच परतावयाचे. विमानाची चार तिकिटे हा भुर्दंड खरा. तथापि बर्फात घसरलेल्या मोटारघराच्या दुरुस्तीशी तुलना केली तर तो जड नाही. ज्यांना ही तिकिटे परवडतात, त्यांनी दुसरा विचार करू नये.

आता वाट पाहू. कॅलगरीहून लेथब्रिज आणि तेथून सरहद्दीवरील कूट्स हे गाव, असा पहिला टप्पा साधारण ३०० किलोमीटरांचा. येथे बर्फाहून वारा अधिक त्रास देतो. रॉकी पर्वतावरून खाली उतरणारा चिनूक नावाचा कोरडा, ऊबदार वारा काही तासांत पारा पंधरा-वीस अंशांनी वर नेतो. घरी बसलेल्या मनुष्यास तो देवदूत वाटतो. उंच भिंतींचे मोटारघर हाकणाऱ्यास मात्र नव्हे. मोटारघराची बाजू म्हणजे उभे केलेले शीडच. वाऱ्याचा झोत आडवा आला की सहा-सात टन वजनाची गाडीसुद्धा शेजारच्या पट्ट्यात सरकते. वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी लेथब्रिजच्या पुढे न जाणे हाच त्यावर उपाय आहे.

सरहद्द ओलांडली की अमेरिकेचा १५ क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग सुरू होतो, आणि लास वेगासपर्यंत तोच धरून जावयाचे असते. ग्रेट फॉल्स, हेलेना, ब्यूट ही माँटानातील गावे मागे टाकीत रस्ता डोंगरांत चढत जातो आणि माँटाना व आयडाहो या राज्यांच्या सीमेवर मोनिडा खिंडीत पोचतो. दोन्ही राज्यांच्या नावांचे आरंभीचे तुकडे जोडून हे नाव झाले आहे. खिंड सुमारे २०८० मीटर उंच असून खंडाचा जलविभाजक येथेच आहे: उत्तरेकडे वितळलेला बर्फ मिसुरी नदीवाटे मेक्सिकोच्या आखाताकडे जातो, दक्षिणेकडचा स्नेक नदीवाटे पॅसिफिककडे. दृश्य भव्य आहे. परंतु आजूबाजूस वस्ती अगदी विरळ आहे, आणि वाऱ्याने उडणाऱ्या बर्फात समोरचे काही दिसेनासे होते. म्हणून खिंडीच्या अलीकडे डिलन या गावी मुक्काम करून सकाळी उजाडल्यावर रस्त्याची स्थिती पाहूनच निघावे, असा रिवाज आहे. रस्त्याची स्थिती कळण्यास मोठी यातायात करावी लागत नाही. आल्बर्टा, माँटाना, आयडाहो व यूटा या सर्वांनी त्यासाठी ५११ हा एकच क्रमांक ठेविला आहे; दूरध्वनीवरून वा संगणकावरून कोणत्या खिंडीत काय आहे ते कळते, आणि पुष्कळ ठिकाणी बसविलेल्या कॅमेऱ्यांतून रस्ता प्रत्यक्षही पाहता येतो. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये, खालचा गिअर घालून एंजिनालाच गाडी रोखू द्यावी. पुलाचा पृष्ठभाग रस्त्याच्या आधी गोठतो हे ध्यानात ठेवावे. आणि वेग आपोआप कायम राखणारी कळ बर्फावर कधीही वापरू नये. या गोष्टी सर्वांस ठाऊक असतात. अपघात बहुधा ठाऊक असलेल्या गोष्टीच विसरल्याने होतात.

आयडाहोतून यूटात, आणि सॉल्ट लेक सिटीच्या गर्दीतून बाहेर पडून सीडर सिटीपर्यंत हिवाळा सोबतीस असतोच. सीडर सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे १७८० मीटर उंच आहे. तेथून सेंट जॉर्ज फक्त ८५ किलोमीटर. परंतु तेवढ्यात रस्ता नऊशे मीटरांच्या आसपास खाली उतरतो. सकाळी खिडकीवरचा बर्फ खरवडून निघालेले जोडपे दुपारी लाल खडकांच्या प्रदेशात अंगावरचे जाड कोट उतरविते. या उतारावरची ती दुपार, हे या साऱ्या प्रवासाचे खरे फळ आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पुढे व्हर्जिन नदीच्या अरुंद घळीतून ॲरिझोनाचा एक कोपरा कापून रस्ता नेवाडात शिरतो आणि लास वेगासला पोचतो. त्यानंतरचे तीनशे-साडेतीनशे किलोमीटर कोलोरॅडो नदीच्या सोबतीने जातात. वाटेत लेक हवासू सिटी येथे लंडनचा जुना पूल उभा आहे. १९६८ साली तो विकत घेऊन, दगड सुटे करून येथे आणण्यात आला व १९७१ साली पुन्हा खुला झाला. थंड देशातून वाळवंटात येऊन राहिलेला आणखी एक पाहुणा.

आता पाण्याकडे वळू. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. नळात अडकलेल्या पाण्याला वाढण्यास जागा नसते. म्हणून नळ फुटतो, आणि फुटल्याचे ताबडतोब कळत नाही. दक्षिणेत पोचून पंप सुरू केला म्हणजे भिंतीच्या आतून पाणी वाहू लागते, तेव्हा कळते. या कारणास्तव कॅलगरीत शरद ऋतूतच मोटारघराच्या सर्व टाक्या व नळ रिकामे करून त्यांत गुलाबी रंगाचे एक द्रव भरतात. हे प्रॉपिलीन ग्लायकोलचे मिश्रण असते. ते पिण्याच्या पाण्याच्या नळांत घालण्याजोगे, बिनविषारी असते. मोटारीच्या एंजिनाच्या रेडिएटरमध्ये जे एथिलीन ग्लायकोल सामान्यतः घालतात, ते विषारी आहे. दोहोंची गफलत होता कामा नये, म्हणून डबा रंगावरून नव्हे तर त्यावरील अक्षरे वाचूनच घ्यावा. पाणी तापविण्याच्या टाकीस मात्र हे द्रव भरावयाचे नसते. तिला वगळून जाणारी चावी फिरविली म्हणजे पुष्कळ द्रव वाचते.

याचा अर्थ असा की, पहिले तीन-चार दिवस घर बरोबर असूनही घरात पाणी नसते. पिण्याचे व तोंड धुण्याचे पाणी सुट्या डब्यांतून घ्यावे लागते, आणि शौचकुपात पाण्याऐवजी तेच गुलाबी द्रव ओतावे लागते. कागदाच्या बशांत जेवणे हे गृहिणीस रुचत नाही. परंतु गरम पाण्याच्या एका घागरीच्या मोहाने नळ उघडणारे लोक पुढे सुतारास व नळकाऱ्यास पैसे मोजतात. सेंट जॉर्ज अथवा लास वेगास येथे पोचल्यावर हवामानाचा अंदाज पाहून नळ धुवून काढावे, थोडे क्लोरीनयुक्त द्रव पाण्यात मिसळून काही तास ठेवावे, पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावे आणि मग टाकी भरावी. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे व आखणीत तो अर्धा दिवस धरलेला असावा.

पहिल्या दोन-तीन रात्री निजावे कोठे, याविषयी मतभेद आहेत. स्वतःचे बिऱ्हाड असताना खानावळीच्या खोलीला पैसे का द्यावेत, असा हिशेब पुष्कळ करतात. प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांपर्यंत वायुरूप होऊ शकतो, तेव्हा जळण बंद पडण्याचे भय नाही, हेही खरे. परंतु भट्टीची ऊब खोलीत फिरविणारा पंखा विजेवर चालतो आणि एका कडक रात्रीत तो बॅटऱ्या रिकाम्या करू शकतो. शिशाची बॅटरी रिकामी झाली की गोठते. नव्या लिथियमच्या बॅटऱ्या शून्याखाली गेल्या असताना त्यांत वीज भरणे त्यांस घातक असते. माँटाना-आयडाहोतील मोटारघरांचे तळ हिवाळ्यात बहुतांशी बंद असतात, त्यामुळे विजेची जोडणी मिळेलच असे नाही. शिवाय ऊब कोंडून ठेवण्यासाठी हवेच्या वाटा बुजविण्याचा मोह होतो, आणि जेथे ज्योत जळते तेथे कार्बन मोनॉक्साइड या वासहीन वायूचा धोका असतो. त्याचा इशारा देणारे यंत्र मोटारघरात असतेच. त्याचे आयुष्य संपलेले नाही ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. पहिल्या दोन रात्री मोटेलमध्ये काढणे हाच एकंदरीत शहाणपणाचा मार्ग दिसतो. त्याचा खर्च वाटखर्चात आधीच मांडला म्हणजे तो पराभव वाटत नाही.

वजन आणि टायर यांबद्दल थोडक्यात. चार-पाच महिन्यांचा संसार भरताना मोटारघराची क्षमता सहज ओलांडली जाते. म्हणून भरलेली गाडी एकदा मालमोटारींच्या काट्यावर चढवून प्रत्येक आसावरील भार पाहावा. मोटारघराचे टायर झिजण्यापूर्वीच म्हातारे होतात. त्यांच्या कडेवर चार आकडे असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा व पुढील दोन वर्ष दाखवितात. ते वर्ष सहा-सात वर्षांपूर्वीचे असेल तर नक्षी कितीही खोल दिसो, टायर जाणत्याकडून तपासून घ्यावेत.

सरहद्दीवर कॅनेडियन नागरिकास पासपोर्टावर अमेरिकेत सामान्यतः सहा महिन्यांपर्यंत राहण्याची मुभा मिळते. रेफ्रिजरेटरमधील संत्री, कच्चे मांस, अंडी यांवर निर्बंध असतात व ते वारंवार बदलतात. घरून निघताना फ्रिज रिकामा ठेवणे सर्वांत सोपे. औषधे मूळच्या बाटल्यांतच असावीत. गांजाचे सेवन कॅनडात २०१८ सालापासून कायदेशीर आहे, म्हणून तो बरोबर नेता येतो असा समज कोणी करून घेतला तर तो गोत्यात येईल. २०२५ च्या एप्रिलपासून आणखी एक नियम कडकपणे अमलात आला: तीस दिवस अथवा अधिक राहणाऱ्या परदेशीयाची, कॅनेडियनाचीही, नोंदणी झालेली असली पाहिजे. खुष्कीच्या वाटेने येणाऱ्यांची अशी नोंद पुष्कळदा होत नसे. त्याच वर्षी दोन्ही देशांमधील व्यापारी तंट्यामुळे अनेक कॅनेडियनांनी ॲरिझोनाचा बेतच रहित केला.

दिवसांचा हिशेब ही तर स्वतंत्र विद्याच आहे. अमेरिकेचे करखाते चालू वर्षातील सर्व दिवस, त्यात मागील वर्षातील दिवसांचा एक तृतीयांश आणि त्यामागील वर्षातील दिवसांचा एक षष्ठांश मिळवून बेरीज करते. ती १८३ झाली तर तो मनुष्य करापुरता अमेरिकेचा रहिवासी ठरू शकतो. दरवर्षी १२० दिवस राहणाऱ्याची बेरीज १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८० येते; तो वाचला. दरवर्षी १२२ दिवस राहणारा बरोबर १८३ वर येतो. आपले घरदार व संबंध कॅनडातच आहेत असे दाखविणारा ८८४० क्रमांकाचा अर्ज वेळेवर भरून यातून सुटका होते; परंतु तो भरावा लागतो हेच कित्येकांस ठाऊक नसते. उलट बाजूस, आपल्या प्रांताच्या आरोग्ययोजनेचा हक्क टिकविण्यासाठी वर्षातील ठराविक दिवस प्रांतात काढावे लागतात. म्हणून जाणते लोक ये-जा केल्याच्या तारखा वहीत लिहून ठेवतात आणि पेट्रोलच्या पावत्याही जपतात.

यानंतरची गोष्ट सर्वांत गंभीर, आणि तिजविषयीच लोक सर्वांत कमी वाचतात. ती म्हणजे वैद्यकीय विमा. कॅनडात रुग्णालयाचा खर्च सरकार सोसते, त्यामुळे औषधोपचाराची किंमत काय असते याची कल्पनाच तेथील मनुष्यास नसते. आल्बर्टाचा नागरिक परदेशात रुग्णालयात पडला तर प्रांताकडून त्याला दिवसाकाठी फार तर १०० कॅनेडियन डॉलर मिळतात. अमेरिकेत रुग्णालयाचा एक दिवस हजारो डॉलरांचा असतो. हृदयविकाराचा झटका व त्यावरील शस्त्रक्रिया यांचे बिल एका घराच्या किमतीची बरोबरी करू शकते. म्हणून प्रवासी विमा सर्वच घेतात. परंतु घेतलेला विमा लागू पडतोच असे नाही.

या विम्यांत ‘स्थिरते’चे एक कलम असते. निघण्यापूर्वी ९० दिवस, काही विम्यांत १८० दिवस, जुना आजार स्थिर असला पाहिजे. सामान्य मनुष्य याचा अर्थ ‘प्रकृती ठीक आहे’ असा करतो. विमा कंपनीचा अर्थ निराळा असतो: त्या मुदतीत औषध बदललेले नाही, मात्रा वाढविलेली नाही, पुष्कळ ठिकाणी कमीही केलेली नाही, आणि कोणती तपासणी व्हावयाची राहिलेली नाही. समजा, ऑक्टोबरात एका गृहस्थाच्या रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी निम्मी केली. प्रकृती सुधारली म्हणूनच केली. गृहस्थ आनंदाने नोव्हेंबरात निघाले आणि फेब्रुवारीत युमा येथे छातीत कळ आली. तर त्या गोळीच्या बदलामुळे सारा दावा फेटाळला जाऊ शकतो, आणि त्यांच्या पत्नीवर परमुलखात, वाळवंटात उभ्या केलेल्या मोटारघरात बसून आपले राहते घर विकावे लागेल काय याचा हिशेब करण्याची पाळी येते. म्हणून विम्याचे प्रश्नपत्रक एकट्याने, आठवणीवर विसंबून भरू नये. ते डॉक्टरांपुढे ठेवून त्यांच्या दप्तरावरून भरावे. निघण्याची तारीख ठरल्यावर औषधात बदल करण्याची गरज पडली, तर औषध अवश्य बदलावे व तारीख पुढे ढकलावी. अथवा विमा कंपनीस लेखी कळवून, अधिक हप्ता भरून त्या आजाराची जबाबदारी तिच्याकडून लेखी मान्य करून घ्यावी. प्रवासासाठी औषध लांबणीवर टाकणारे लोकही असतात. त्यांच्याविषयी काय बोलावे!

याच्याच जोडीला मागे राहिलेल्या घराचा विमा. मालक नसताना हिवाळ्यात घरातील भट्टी बंद पडली आणि नळ फुटले, तर नुकसानभरपाई मिळण्यासाठी कोणीतरी काही दिवसांआड घरात फेरी मारीत होते हे दाखवावे लागते. किती दिवसांआड, ते ज्याच्या त्याच्या विमापत्रात लिहिलेले असते. मुख्य पाण्याची चावी बंद करून, किल्ली भरवशाच्या शेजाऱ्याकडे देऊन, त्याने प्रत्येक फेरीची तारीख कागदावर लिहावी अशी विनंती करणे इष्ट.

पैशाचा अंदाज करावयाचा तर पेट्रोलवर चालणारे मोठे मोटारघर १०० किलोमीटरला साधारण ३० लिटर पिते. म्हणजे एका बाजूस सातशे लिटरांहून अधिक. हुंडणावळीची गंमत आणखी निराळी. २०११ साली कॅनेडियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीस पोचला होता; २०२५ च्या आरंभी तो ७० सेंटांच्या आसपास उतरला होता. त्याच वाळवंटात, तेच ऊन खात बसण्यास अशा रीतीने दीडपट पैसे पडू लागतात.

क्वार्ट्झसाइटला पोचल्यावर राहण्याची तऱ्हा साधी आहे. छपरावरील सौरपट्ट्या दिवसा बॅटऱ्या भरतात. टाकीतील दीडशे लिटर पाणी काटकसरीने आठवडा-दीड आठवडा पुरते, कारण येथे येणारा प्रत्येक जण भांडी कमी पाण्यात घासण्याची कला लवकरच शिकतो. रात्री वाळवंट झपाट्याने थंड होते व पहाटे पारा चार-पाच अंशांवरही येतो, हे नवख्यास ठाऊक नसते. जानेवारीत रत्ने व खडे यांचे बाजार भरतात आणि मोटारघरांचे मोठे प्रदर्शन होते. गावच्या स्मशानभूमीत दगडी पिरॅमिडखाली हाय जॉली नावाचा उंटवाला विसावला आहे. त्याचे खरे नाव हाजी अली. अमेरिकेच्या सैन्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाळवंटात उंट वापरून पाहिले, त्यासाठी तो तुर्की साम्राज्यातून आला व १९०२ साली येथे वारला. युमाजवळ सरहद्दीपलीकडे, मेक्सिकोतील लॉस अल्गोदोनेस या छोट्या गावात, दंतवैद्यांची दुकाने ओळीने आहेत. पुष्कळ म्हातारी मंडळी दात आणि चष्मा यांची कामे तेथे स्वस्तात उरकून घेतात. शेजारी कोण येईल याचा नेम नसतो, पण तीच मंडळी दरवर्षी त्याच झुडपाशेजारी तळ देतात असेही पाहावयास मिळते, आणि एखाद्या वर्षी एखादी जागा रिकामी राहिली तर त्याचे कारण विचारावे लागत नाही.

१५ एप्रिलला ला पोसाचा हंगाम संपतो. तोवर ऊनही सोसवेनासे होऊ लागलेले असते. परतीची वाट धरताना मात्र एक गोष्ट विसरू नये. सेंट जॉर्जला उन्हाळा लागला असला तरी मोनिडा खिंडीत एप्रिलमध्येही बर्फ पडतो. म्हणून सीडर सिटीची चढण चढण्यापूर्वी टाक्या पुन्हा रिकाम्या करावयाच्या, नळांत ते गुलाबी द्रव पुन्हा भरावयाचे, आणि ५११ वर विचारून मगच पुढे निघावयाचे.